अपुऱ्या रस्त्यांवरील सहली

राज्य शासनाच्या कचेऱ्यांना २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि सरकारी नोकरदारांच्या हाती दर आठवड्याला सलग दोन दिवसांची सुटी आली. शाळांना शनिवारची सकाळ अजून चुकलेली नाही, ही गोष्ट वेगळी. या सुटीचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे शोधले. त्यांतील एक उत्तर अलीकडे फलटणच्या परिसरात शनिवारी-रविवारी फटफटत जाताना दिसते. आठ-दहा मोटरसायकली, त्यांवर दोरीने करकचून बांधलेल्या पथाऱ्या, अंगावर जाड जाकिटे, डोक्यांवर शिरस्त्राणे. हे जथे पुण्याकडून येतात, साताऱ्याकडून येतात, कधी सांगलीकडूनही येतात. फलटणला चहा घेतात आणि दक्षिणेच्या डोंगराकडे तोंड वळवून विचारतात की, वर जाणारा कच्चा रस्ता कोणता? डांबरी रस्ता कोणता, असे विचारणारे प्रवासी या भागाने आजवर पुष्कळ पाहिले. कच्चा कोणता, असे विचारणारे हे पहिलेच.

या प्रश्नाने गावकरी बुचकळ्यात पडतो आणि त्याचे बुचकळ्यात पडणे स्वाभाविक आहे. ज्या रस्त्यावर डांबर पडावे म्हणून त्याने सरपंचापासून आमदारापर्यंत सर्वांचे उंबरे झिजवले, तोच रस्ता शोधत कोणी शंभर-दीडशे किलोमीटरवरून हौसेने यावे, याचा अर्थ त्याला कसा लागावा? एकाची अडचण ही दुसऱ्याची सहल व्हावी, हा प्रकार विचार करण्यासारखा आहे, आणि तो केवळ हसून किंवा केवळ रागावून सोडून देण्यासारखा नाही.

रागावणारे पुष्कळ आहेत. तरुणांची ही थेरे म्हणजे पेट्रोलची उधळपट्टी, जिवाशी खेळ आणि बापाच्या पैशांचा माज, असे म्हणणारी ज्येष्ठ मंडळी प्रत्येक पारावर भेटतात. या टीकेत तथ्याचा अंश आहे. पण ती सरसकट करणे अन्यायाचे होईल. या जथ्यांत श्रीमंतांची मुले असतात, तसेच हप्त्यांवर गाडी घेतलेले कारकून असतात, विमा कार्यालयातील साहाय्यक असतात, माध्यमिक शाळेतील विज्ञानाचे शिक्षक असतात. आठवडाभर फायलींत किंवा उत्तरपत्रिकांत मान घालून बसणाऱ्या माणसाला एक दिवस उघड्या वाऱ्यावर काढावासा वाटला, तर त्यात गैर काय? आमच्या पिढीने सायकलीवरून पंढरपूर गाठले, तेव्हाही घरची वडीलधारी माणसे हेच बोलत होती.

या हौसेला हाच मुलूख का आवडावा, हे समजण्यासाठी त्याची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. महाबळेश्वरच्या उत्तरेस सह्याद्रीपासून फुटलेली शंभू महादेवाची डोंगररांग पूर्वेकडे सरकत फलटण तालुक्याच्या दक्षिण सीमेवर भिंतीसारखी उभी राहते. भिंतीच्या उत्तरेस नीरेचे खोरे. उजव्या कालव्याने तेथे ऊस आणला, साखर कारखाने आणले, सुबत्ता आणली. भिंतीच्या दक्षिणेस माण आणि खटाव हे पावसाकडे डोळे लावून बसणारे तालुके. ताथवड्याच्या संतोषगडाजवळून खिंड ओलांडली, की पाण्याची दिशाच बदलते. अलीकडे पडलेला थेंब बाणगंगेतून नीरेला आणि नीरेतून भीमेला मिळतो. पलीकडे पडलेला येरळेच्या वाटेने सांगली जिल्ह्यात कृष्णेला जातो. आणि हे दोन थेंब पुन्हा एकत्र येतात ते थेट रायचूरच्या बाजूला, भीमा-कृष्णा संगमावर. वर्गात नकाशा टांगून जलविभाजक शिकवणाऱ्या भूगोलाच्या शिक्षकाने एकदा तरी या खिंडीत उभे राहावे.

आदर्कीचा, ताथवड्याचा आणि मोगराळ्याचा हे या भिंतीतील मोठे दरवाजे. त्यांतून एसटी जाते, उसाचे ट्रॅक्टर जातात, रस्ते डांबरी आहेत. मोटरसायकलींच्या जथ्यांना यांत फारसा रस नसतो. त्यांना हवे असतात ते या मोठ्या घाटांच्या मधल्या चोरवाटांसारखे रस्ते. पायथ्याच्या गावातून माथ्यावरच्या वाडीला जाणारे, वारुगडासारख्या किल्ल्याच्या कुशीतून वळसे घेणारे, कुळकजाईच्या बाजूला, जेथे सीताबाईच्या डोंगरात माणगंगा उगम पावते, तिकडे उतरणारे. एका बाजूस दरड, दुसऱ्या बाजूस कठडा नसलेली खोली आणि मध्ये मोकळी झालेली खडी. यांपैकी दोन-तीन रस्ते जोडून दहिवडी, तेथून शिखर शिंगणापूर आणि संध्याकाळी नातेपुत्यावरून पुन्हा फलटण, अशी दिवसभराची फेरी होते. किलोमीटर थोडे, वेळ फार. ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वेग मिळाला तरी पुष्कळ.

आता ही खडी कोठून आली, हा खरा प्रश्न आहे. ग्रामीण रस्ता एका दमात होत नाही, हे सार्वजनिक बांधकामाशी थोडाबहुत संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आधी मातीकाम, मग मोठ्या दगडांचे सोलिंग, मग खडीकरण, त्यावर मुरूम पसरून पाणी मारून रोलर फिरवायचा आणि शेवटी डांबर. खडीचे कोनेदार तुकडे एकमेकांत अडकून घट्ट बसतात आणि त्यामुळे रस्ता भार सोसतो, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने रूढ केले. पण तुकड्यांच्या फटींत बसलेला मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून गेला आणि वर डांबराचे झाकण पडले नाही, तर तीच खडी सुटी होते आणि चाकाखाली गोट्यांसारखी पळू लागते. मोटरसायकलस्वार ज्याला दुर्गम घाटाचा थरार म्हणतो, तो बांधकाम खात्याच्या भाषेत खडीकरणाच्या टप्प्यावर थांबलेला रस्ता असतो. निसर्गाने केवळ उतार दिलेला आहे. थरार अपुऱ्या कामाने दिलेला आहे.

आणि या अपुऱ्या कामाला इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळाने माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्याचे कंबरडे मोडले. हंगाम गेला, विहिरी आटल्या, जनावरे खाटकाच्या किंवा छावणीच्या स्वाधीन करावी लागली आणि गावेच्या गावे दुष्काळी कामांवर आली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे दर दहा माणसांत एक माणूस माती उपसत होता किंवा दगड फोडत होता. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले आणि रस्ते झाले. ज्यांच्या घरी कालपर्यंत सालगडी होता, असे शेतकरीही तोंडाला फडके गुंडाळून खडीच्या ढिगाशी बसले. लहान मुलाला झोळीत टाकून बायकांनी हातोडीने खडी फोडली. मिलोच्या भाकरीवर आणि वाटपातल्या सुकडीवर माणसे जगली. त्या पिढीतली माणसे अजून या वाड्यांत आहेत. फोडलेल्या खडीचा ढीग मोजला जाई, त्यावर मजुरी ठरे. मोजणीत ढीग कमी भरला, तर दिवस वाया जाई.

या अनुभवातून महाराष्ट्राने देशाला एक कायदा दिला. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील. विधान परिषदेचे ते प्रदीर्घ काळ सभापती होते. १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर भागात त्यांनी मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग आरंभला. दुष्काळाच्या काळात ती राज्याची योजना झाली, १९७७ साली तिचा अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राने याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. एवढा इतिहास आपले शिक्षक स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतात. परंतु त्याचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. या योजनेला पैसा हवा होता आणि तो शहरातील नोकरदारांनी द्यावा असे ठरून १९७५ साली व्यवसाय कर आला. आजही पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये अशी जी कपात दिसते, ती त्याचीच. ती कशासाठी, हे दहा कारकुनांना विचारले तर नऊ जण खांदे उडवतील.

तेव्हा हेल्मेट चढवून माणच्या माथ्यावर निघालेला शिक्षक किंवा कारकून समजतो तितका त्या रस्त्याला परका नाही. रस्त्यासाठी हात गावाने दिले, पैसा त्याच्यासारख्यांच्या पगारातून गेला. दुष्काळ संपला, पाऊस पडला, माणसे आपापल्या शेतांवर परतली आणि कामे होती तेथे थांबली. त्यांतील कित्येक रस्ते पुढे पक्के झाले, कित्येक झाले नाहीत. का झाले नाहीत, याचे एक कारण नियमांच्या रचनेत आहे. २००० साली आलेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील पाचशे लोकवस्तीच्या गावाला रस्ता देण्याचे ठरले. पहाडी राज्ये, वाळवंटी आणि आदिवासी क्षेत्रे यांच्यासाठी ही अट अडीचशेवर आणली गेली. महाराष्ट्र हे पहाडी राज्य नव्हे. त्यामुळे डोंगरमाथ्यावर वसलेली तीनशे माणसांची वाडी कागदोपत्री मैदानात राहिली आणि यादीबाहेर गेली. २०१५ साली राज्याने मुख्यमंत्र्यांच्या नावाची ग्रामसडक योजना काढून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. काही वाड्यांचे भाग्य उजळले, काही अजून रांगेत आहेत. खाली फलटणमधून पालखी मार्गाचे चौपदरीकरण होत असताना वरच्या वाडीतली म्हातारी ते दिवे माथ्यावरून पाहत असते.

मोटरसायकल या डोंगरात प्रथम हौसेखातर आली नाही, हेही नव्या मंडळींना सांगितले पाहिजे. राजदूत आणि जावा या गाड्या येथे चढल्या त्या दुधाच्या किटल्या घेऊन. ऐंशीच्या दशकात बजाजची एम-८० आली आणि गवळ्याने तिच्या दोन्ही अंगांना किटल्या लटकावून तिला डोंगरशेळीसारखी राबवली. पशुवैद्य, ग्रामसेवक, पोस्टाचा माणूस आणि एकशिक्षकी शाळेचा गुरुजी हे या खडीवरचे खरे जुने स्वार. त्यांच्या अंगावर जाकीट नव्हते, गुडघ्यांवर कवच नव्हते आणि त्यांची फेरी रविवारी नसे. सोमवार ते शनिवार, पावसाळ्यासकट असे. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

खडीवर गाडी चालवणे ही निराळी विद्या आहे. डांबरावरचा शहाणा येथे हमखास आपटतो. पुढचा ब्रेक जोरात दाबला, की चाक अडकते आणि सुट्या दगडांवरून गाडी सरळ खाली बसते. म्हणून मागचा ब्रेक आणि खालचा गिअर यांवर भिस्त ठेवायची. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे यमाला आवतण. हँडल घट्ट आवळून धरले तर प्रत्येक दगडाचा धक्का खांद्यात येतो आणि गाडी बिथरते. ते सैल धरायचे, पायटांवर किंचित उभे राहून टाकी गुडघ्यांत धरायची आणि गाडीला अंगाखाली हलू द्यायचे. नजर चाकासमोर नव्हे, तर वीस-पंचवीस पावलांपुढे. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा घाटाचा जुना नियम कायद्यातही आहे. गवळ्याला हे कोणी शिकवले नव्हते. सांडलेल्या दुधाचे पैसे कापले गेले, की माणूस आपोआप शिकतो.

जथ्याने जाण्याची शिस्त याहून कठीण. धुरळ्यामुळे दोन गाड्यांत चांगले अंतर ठेवावे लागते आणि अंतर ठेवले, की फाट्यावर माणसे चुकतात. त्यावर जाणत्या गटांनी एक साधा उपाय काढला आहे. फाटा आला की प्रत्येकाने थांबायचे, मागची गाडी दिसली आणि तिने आपल्याला पाहिले, की मगच वळायचे. सर्वांत सावकाश चालवणारा पुढे आणि सर्वांत अनुभवी शेवटी. त्याच्या पिशवीत पंक्चरचे सामान, साखळीची जादा कडी आणि मलमपट्टीची पेटी. या उलट जेथे सर्वांत उतावळा पुढे धावतो आणि बाकीचे त्याच्या धुळीत त्याला गाठू पाहतात, तेथे सहलीची शर्यत होते. परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चुरस लावणे हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. पण डोंगराच्या घडीत पडलेल्या माणसाला उचलायला किती वेळ लागतो, याचा हिशेब कोणी करतो काय? २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. परंतु घळीत दूरध्वनीला आवाज लागत नाही आणि जो रस्ता दुर्गम म्हणून निवडला, त्यावरून रुग्णवाहिकाही मोटरसायकलीच्याच गतीने येणार. वाडीतील बाळंतिणीला आणि सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो.

एकत्र चढण्याची रीत पाहायची असेल, तर ती याच डोंगरात आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला ठिकठिकाणच्या कावडी नद्यांचे पाणी घेऊन येतात. सासवडची तेल्या भुत्याची कावड कऱ्हेचे पाणी आणते. या कावडी मुंगी घाटाच्या अवघड चढणीवरून वर नेल्या जातात. माणसे हाताला हात देऊन साखळी करतात, कावड तोलून धरतात, पाय घसरला तर मागच्याने सावरायचे. कोण आधी पोहोचला, हे तेथे कोणी विचारत नाही. कावड कलंडली नाही ना, एवढेच पाहिले जाते.

वाडीच्या बाजूने पाहिले, तर काही गोष्टी अगदी साध्या आहेत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात. अशा कळपासमोर सायलेन्सर काढलेल्या दहा गाड्या गुरगुरत आल्या, तर मेंढरे दरीच्या बाजूला दबतात. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरे देणाऱ्या मेंढीची जात सिद्ध केली. पोटात दोन कोकरे असलेल्या अशा मेंढीने कोठे पळावे? इंजिन बंद करून दोन मिनिटे थांबले, तर काही बिघडत नाही. दुसरे असे की, ओल्या मुरमावर खोल नक्षीच्या टायरांनी पडलेल्या चाकोऱ्या उन्हात घट्ट होतात, पुढच्या पावसात त्यांतून पाणी वाहते आणि एका सकाळच्या मौजेने वाडीची वाट वर्षभरासाठी खचते. मृगापासून नवरात्रापर्यंत या रस्त्यांवर जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळी घाटाची हौस असणाऱ्याला आदर्कीचा आणि मोगराळ्याचा डांबरी घाट आहेच.

मात्र येथे एका लाडक्या युक्तिवादाचा समाचार घेतला पाहिजे. हे रस्ते कच्चेच राहू द्या, डांबर आले की हॉटेले येतात, भूखंडांच्या पाट्या लागतात, गर्दी येते आणि डोंगर नासतो, असे काही निसर्गप्रेमी स्वार म्हणतात. कास पठाराचे उदाहरण त्यांच्या ओठांवर तयार असते. २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात एवढी माणसे लोटली, की शुल्क आणि रोजची संख्यामर्यादा लावावी लागली. भीती खोटी नाही. परंतु कासच्या गर्दीवर उपाय झाला तो रस्ता उखडून नव्हे, तर स्थानिक गावांच्या समितीच्या हाती व्यवस्था देऊन. वर्षातून दोन रविवार येणाऱ्याने आपल्या आनंदासाठी तीनशे पासष्ट दिवस राहणाऱ्याला खडीवर ठेवावे, ही मागणी कितीही हिरव्या शब्दांत मांडली तरी तिचा वास जुन्या जहागिरीचाच. रस्ता किती रुंद करावा, कठडे बांधून थांबावे की डांबर घालावे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार वाडीचा आहे.

पाहुण्यांना करता येण्याजोगे काम वेगळेच आहे आणि ते त्यांच्या पेशाला साजेसे आहे. रस्ता कोठे खचला, कोणती मोरी वाहून गेली, कोणत्या वळणावर दरड सुटली आहे, हे या जथ्यांइतके बारकाईने अन्य कोणी पाहत नाही. कारण प्रत्येक खड्डा त्यांच्या मणक्याने मोजलेला असतो. त्यांच्या खिशात छायाचित्र काढणारा आणि जागेचे अक्षांश-रेखांश सांगणारा दूरध्वनी असतो. आज ही सामग्री मित्रमंडळींना दाखवून संपते. कार्तिक-मार्गशीर्षातील सहलीत केलेल्या या नोंदी, कारकुनी शिस्तीने तारीखवार लिहून, त्या गावच्या सरपंचाकडे आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे एकेक प्रत अशा पोहोचवता येतील. अर्ज कसा लिहावा, त्याची पोच कशी घ्यावी आणि तीन महिन्यांनी स्मरणपत्र कोणाला धाडावे, हे ज्यांना चांगले कळते अशीच माणसे या गाड्यांवर बसलेली असतात. ग्रामसभा २६ जानेवारीला भरते. त्याआधी कागद गावात पोहोचला, तर सभेत त्यावर ठराव होऊ शकेल आणि मृगापूर्वी निदान एखादी मोरी पुन्हा बसवायला चार महिने हाताशी राहतील.